कमरेच्या वरची कुस्ती: ग्रीको-रोमन म्हणजे काय, आणि एका पैलवानाची पाच सुवर्णपदकं

आमच्या तालमीतला एक पोरगा नुकताच जिल्ह्याच्या निवड चाचणीतून पुढे गेला. वस्तादांनी पेढे वाटले. संध्याकाळी चौकात चहाच्या गाड्यावर विषय निघाला तेव्हा कुणीतरी विचारलं, "कशात निवड झाली?" पोरगा म्हणाला, "ग्रीको-रोमनमध्ये." त्याच्या जोडीदाराने लगेच तोंड उघडलं, "म्हणजे काय बे? फ्रीस्टाइलमध्ये जमलं नाही का?" पोराने पेढ्याचा पुडा बंद केला आणि गप्प उभा राहिला.

ते गप्प उभं राहणं माझ्या मनातून जाईना. सोलापूर जिल्ह्याला कुस्ती शिकवावी लागत नाही. मोहोळच्या सिकंदर शेखने २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीची गदा आणली, मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड अंतिम फेरीपर्यंत धडकला. गावच्या जत्रेत हलगी कडाडली की म्हातारी माणसंसुद्धा मैदानाच्या कडेला जागा धरून बसतात. कुणी पट काढला, कुणी घिस्सा मारला, हे आपल्याकडे शाळकरी पोर सांगेल. पण ग्रीको-रोमन म्हटलं की जाणती माणसंही बिचकतात. म्हणून हा प्रकार मुळापासून सांगतो. सांगताना क्यूबाच्या मिहाईन लोपेझची कारकीर्द सोबतीला घेतो, कारण या कुस्तीत काय लागतं ते त्याच्या वीस वर्षांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं नियमांच्या पुस्तकात दिसत नाही.

एकच नियम, पण सगळा खेळ बदलणारा

ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे दोन प्रकार असतात. फ्रीस्टाइल आपल्या मातीतल्या कुस्तीच्या जवळची. तिथे पाय धरता येतात, टांग लावता येते. ग्रीको-रोमनमध्ये कमरेच्या खाली हात लावायचा नाही आणि डाव मारताना आपले पायही समोरच्याला अडकवायचे नाहीत. एवढाच काय तो मूळ फरक.

आता हा नियम आपल्या डावांना लावून बघा. एकेरी पट गेला, दुहेरी पट गेला. आतली टांग, बाहेरली टांग गेली. मोळी बांधता येत नाही, कारण तिच्यात पाय कवेत घ्यावे लागतात. कलाजंगात हात मांडीत जातो, म्हणून तोही बाद. लंगोट धरायची सवय असलेल्या पैलवानाचे हात तर सुरुवातीला बांधल्यासारखेच होतात, कारण कपडा धरायलाही मनाई आहे. उरलं काय? मान, खांदे, दंड, बगला, छाती आणि कंबर. धोबीपछाड उरते, पायाचा अडसर न लावता कमरेवरून मारलेली ढाक उरते, आणि कवेत घेऊन उचलून मागे फेकणं उरतं.

नावाने मात्र फसू नका. ग्रीस आणि रोमच्या प्राचीन कुस्तीशी हिचा थेट संबंध नाही. १९व्या शतकात फ्रान्समध्ये ही पद्धत घडली आणि वजनदार वाटावं म्हणून तिला प्राचीन नाव चिकटलं. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये कुस्ती होती ती याच धाटणीची. फ्रीस्टाइल १९०४ मध्ये आली. तेव्हा फ्रीस्टाइलमध्ये न जमलेल्यांसाठी ग्रीको-रोमन काढली, असं कुणी म्हणालं तर ऑलिंपिकमध्ये मोठी बहीण कोण ते त्याला सांगा.

गुण कसे मिळतात

गादीवर ९ मीटर व्यासाचं वर्तुळ असतं. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. दोन्ही खांदे टेकले की चितपट, तिथेच खेळ संपला. हे आपल्यासारखंच.

चितपट झाली नाही तर गुण मोजतात. समोरच्याला वर्तुळाबाहेर ढकललं, १ गुण. त्याला खाली आणून पाठीमागून ताबा घेतला, २ गुण. उभ्या कुस्तीतून थेट पाठीकडे फेकला तर ४, आणि पूर्ण उचलून मोठ्या कमानीतून फेकला तर ५. आघाडी ८ गुणांची झाली की कुस्ती थांबवून निकाल देतात. फ्रीस्टाइलमध्ये त्यासाठी १० ची आघाडी लागते.

यापुढची गोष्ट नवख्या प्रेक्षकाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकते. दोघं छातीला छाती लावून रेटतायत आणि एकजण नुसता अंग चोरतोय असं पंचांना दिसलं, की ते त्याला पॅसिव्ह देतात. म्हणजे हा लढत नाही, असा शेरा. समोरच्याला १ गुण मिळतो आणि अंग चोरणाऱ्याला गादीवर पालथं झोपवलं जातं. समोरचा त्याच्या पाठीवर येऊन कमरेला हाताची कडी घालतो. या स्थितीला पार तेर म्हणतात, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ जमिनीवर. आपण खालची कुस्ती म्हणू.

ग्रीको-रोमनचे बहुतेक निकाल या खालच्या कुस्तीत लागतात. वरचा पैलवान कडी आवळून खालच्याला स्वतःच्या अंगावरून लाटण्यासारखा फिरवतो. पाठ गादीकडे वळली की २ गुण. एक फेरा बसला की दुसरा लगेच बसतो, कारण खालच्याचा श्वास सुटलेला असतो. म्हणजे पॅसिव्हचा १ आणि दोन फेऱ्यांचे ४, पंधरा-वीस सेकंदांत ५ गुण. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटतं, काही झालंच नाही आणि निकाल कसा लागला. जे झालं ते त्या कडीत झालेलं असतं.

कांद्याचं पोतं आणि नंदीध्वज

खालच्या कुस्तीत समोरच्याला उचलणं किती अवघड असतं ते मला मार्केट यार्डात कळलं. हिवाळ्यात सोलापूरच्या यार्डात कांद्याची आवक सुरू झाली की पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. एकदा एका हमाल मामांच्या कामाकडे मी बराच वेळ बघत उभा होतो. त्यांनी पोतं कानाला धरून ओढलं नाही. आधी गुडघे वाकवले, पोटाशी पोतं घट्ट लावलं, दोन्ही हातांनी मिठी मारली आणि मग कंबर पोत्याच्या खाली सरकवून मांड्यांनी वर आले. हात नुसते कडी होते, उचललं कमरेने. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पोट आणि पोतं यात हवा राहिली की पाठ गेली."

ग्रीको-रोमनचा अख्खा धडा त्या वाक्यात आहे. फक्त पोतं ५० किलोचं नाही, १३० किलोचं. शिवाय ते जिवंत आहे. ते अंग सैल सोडतं, कोपरं रुतवतं, कंबर गादीला चिकटवतं आणि तुमची बोटं सोडवू बघतं.

दुसरं उदाहरण तर गड्ड्याच्या यात्रेत दरवर्षी डोळ्यांसमोर असतं. सिद्धेश्वरांचा उंच नंदीध्वज पेलणारा माणूस बघा. हात तोल सांभाळतात, पण भार कंबर आणि पाय घेतात. त्यासाठी मानकरी संक्रांतीच्या आधी कितीतरी दिवस सराव करतात. नंदीध्वज कलायला लागला की हाताने ओढून सरळ होत नाही, त्याच्याखाली पाऊल न्यावं लागतं. ग्रीको-रोमनचा पैलवानही हेच करतो. समोरच्याचा तोल जिकडे जातोय तिकडे स्वतःची कंबर आधी पोचवतो.

म्हणून "पाय धरायचे नाहीत तर पायाचं काम काय" हा प्रश्नच चुकीचा आहे. पायांनी धरायचं नसतं, पण सगळं बळ पायांतूनच येतं.

लोपेझच्या आधीचा डोंगर

लोपेझ कळायला आधी रशियाचा अलेक्झांडर करेलिन कळायला हवा. सर्वात वरच्या वजनगटात १९८८, १९९२ आणि १९९६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं, आणि जागतिक विजेतेपदं नऊ. त्याचा एक डाव त्याच्याच नावाने ओळखला जातो. पालथ्या पडलेल्या पैलवानाला उलट्या बाजूने मिठी मारायची, गादीवरून उपटून काढायचं आणि स्वतः मागे कमान करत डोक्यावरून फेकायचं. हलक्या वजनात हे करणारे होते. करेलिन हे १३० किलोच्या माणसांना करायचा. काही पैलवान त्याने कडी घातली की फेकले जाण्यापेक्षा आपणहून पाठीवर वळायचे.

१३ वर्षं त्याला आंतरराष्ट्रीय गादीवर कुणी हरवलं नव्हतं. २००० मध्ये सिडनीच्या अंतिम फेरीत अमेरिकेच्या रुलन गार्डनरशी दुसऱ्या सत्राची कुस्ती एकमेकांना कडी घालून सुरू झाली आणि करेलिनची हातांची पकड क्षणभर सुटली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पकड सोडणाऱ्याच्या विरुद्ध १ गुण. कुस्ती १-० ने गेली. गोष्ट बोटांच्या एका गाठीची होती.

चार वर्षांनी अथेन्समध्ये गार्डनरने कांस्य जिंकलं आणि बूट काढून गादीच्या मधोमध ठेवले. कुस्तीत याचा अर्थ एकच, मी थांबलो. त्याच ऑलिंपिकमध्ये, त्याच १२० किलो गटात क्यूबाचा २२ वर्षांचा पोरगा उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या हसन बारोएव्हकडून हरला आणि पाचवा आला. तो मिहाईन लोपेझ. त्याच स्पर्धेत त्याचा भाऊ मिशेल बॉक्सिंगमधलं कांस्य घेऊन घरी गेला. मिहाईन रिकाम्या हाताने.

वीस वर्षांचा हिशेब

लोपेझ क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतातल्या एर्रादुरा नावाच्या छोट्या गावचा. अथेन्सच्या पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, तो जगज्जेता झाला. २००६ च्या अंतिम फेरीत बारोएव्हने त्याला पुन्हा हरवलं. २००७ मध्ये लोपेझने विजेतेपद परत आणलं आणि २००८ मध्ये बीजिंगच्या अंतिम फेरीत समोर कोण, तर तोच बारोएव्ह. यावेळी सुवर्ण लोपेझचं होतं.

मग २०१२, लंडन, अंतिम फेरीत एस्टोनियाचा हेकी नाबी. २०१६, रिओ, तुर्कस्तानचा रिझा कायाल्प, ६-०. २०२१ मध्ये झालेलं टोकियो, जॉर्जियाचा इयाकोबी कजाया, ५-०. टोकियोत तर अख्ख्या स्पर्धेत त्याने कुणालाही एक गुणसुद्धा दिला नाही.

इथे कायाल्पबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं, कारण मोठा पैलवान मोठ्या प्रतिस्पर्ध्याशिवाय घडत नाही. कायाल्प पाच वेळचा जगज्जेता. २०११ आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत त्यानेच लोपेझला पाडलं. जागतिक अंतिम फेरीत दोनदा हरवणारा हा माणूस रिओच्या अंतिम फेरीत आणि टोकियोच्या उपांत्य फेरीत लोपेझला हलवू शकला नाही. लोपेझची जागतिक विजेतेपदंही पाचच आहेत: २००५, २००७, २००९, २०१० आणि २०१४. म्हणजे तो कधी हरलाच नाही असं नव्हे. ऑलिंपिकच्या साली मात्र तो वेगळाच असायचा. चार वर्षांचा सराव एका दिवसाकडे वळवायचा कसा हे त्याच्याइतकं कुणाला जमलं नाही, असं मला वाटतं.

टोकियोनंतर तो आंतरराष्ट्रीय गादीवर उतरलाच नाही. सगळ्यांनी धरलं की संपलं. ऑलिंपिकचा कोटा, म्हणजे त्या वजनगटातली जागा, देशाला मिळते, पैलवानाच्या नावाला नाही. पाठवायचं कुणाला हे देश ठरवतो. क्यूबाने लोपेझला पाठवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये तो पॅरिसच्या गादीवर आला तेव्हा त्याला ४२ वं वर्ष पूर्ण व्हायला दोन आठवडे होते.

पहिली कुस्ती कोरियाच्या पैलवानाशी, ७-०. दुसरी इराणच्या अमीन मिर्झाझादेशी. हा २०२३ चा जगज्जेता, वयाने कितीतरी लहान. लोपेझने ती ३-१ ने काढली. उपांत्य फेरी ४-१. अंतिम फेरीत समोर चिलीकडून खेळणारा यास्मानी अकोस्ता, जन्माने क्यूबाचा आणि एकेकाळी लोपेझच्याच जोडीला सराव करणारा. निकाल ६-०.

वैयक्तिक प्रकारात एकच सुवर्ण सलग पाच ऑलिंपिकमध्ये जिंकणारा तो जगातला पहिला खेळाडू. लांब उडीतला कार्ल लुईस, थाळीफेकीतला अल ओर्टर, जलतरणातला मायकल फेल्प्स, हे सगळे चारवर थांबले.

"ही तर ढकलाढकली, यात बघायचं काय?"

ही तक्रार मी स्वतः केलेली आहे. आणि ती पूर्ण खोटी नाही. पाय धरता येत नसतील तर दोन तुल्यबळ माणसं एकमेकांना अडवून कितीही वेळ उभी राहू शकतात. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मार्टिन क्लाइन आणि आल्फ्रेड आसिकाइनेन यांची उपांत्य कुस्ती ११ तास ४० मिनिटं चालली. क्लाइन जिंकला, पण अंतिम फेरीसाठी उभं राहण्याचं त्राण उरलं नाही आणि त्याला रौप्यावर समाधान मानावं लागलं. आपल्याकडे जत्रेत खडाखडी लांबली की लोक ओरडतात, "लावा, नाहीतर सोडवा!" पॅसिव्हचा नियम हा त्या ओरडण्याचाच नियमातला अवतार आहे.

२०१३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारिणीने कुस्तीच २०२० पासून वगळायचा निर्णय घेतला होता. काही महिन्यांत तो मागे फिरला, पण त्या धक्क्यानंतर नियमांची बरीच झाडाझडती झाली. आज सहा मिनिटांत निकाल लागतो. पुढच्या वेळी कुस्ती बघताना पैलवानांच्या चेहऱ्याकडे बघू नका, हातांकडे बघा. कुणाचा हात समोरच्याच्या बगलेखाली आत आहे आणि कुणाचा बाहेर. आतला हात मिळवण्यासाठीच ती सगळी रेटारेटी असते. ज्याचा हात आत, त्याची कुस्ती वर.

"वरच्या वजनात काय, नुसतं अंग असलं की झालं"

अंगच पुरलं असतं तर १३० किलोचा प्रत्येकजण जिंकला असता. या गटात सगळेच तेवढे असतात. एकमेकांना उचलणं कठीण, म्हणून एकेका गुणावर सुवर्ण फिरतं, आणि एकेक गुण न देणं हीच कला ठरते. पॅरिसच्या चार कुस्त्यांत लोपेझने मिळून दोन गुण दिले. चाळिशी ओलांडलेल्या माणसाची चपळाई कमी होते, पण कंबर कधी खाली न्यायची आणि छाती कुठे लावायची हे अंगात मुरलेलं कमी होत नाही. कायाल्पसारख्यांशी वर्षानुवर्षं झालेल्या कुस्त्या त्याच्या अंगात होत्या.

"मग आपल्या पोरांनी यात का जावं?"

खरा प्रश्न हा आहे, आणि पालकांनी तो विचारलाच पाहिजे. भारताला कुस्तीत मिळालेली सगळी ऑलिंपिक पदकं फ्रीस्टाइलची आहेत. पहिलं, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं, १९५२ चं हेलसिंकीचं कांस्य. ग्रीको-रोमनमध्ये अजून एकही नाही. पॅरिसला तर या प्रकारात आपला एकही पैलवान पात्र ठरला नव्हता.

पण दार बंद नाही. २०१३ मध्ये संदीप तुलसी यादवने ६६ किलोत जागतिक स्पर्धेचं कांस्य आणलं, या प्रकारातलं भारताचं पहिलं. २०२० मध्ये दिल्लीत सुनील कुमारने ८७ किलोत आशियाई सुवर्ण जिंकलं, तेही २७ वर्षांनंतर. त्याच सुनीलने हांगझोऊच्या आशियाई खेळांत कांस्य आणलं.

मी एवढंच म्हणेन की गर्दी कमी आहे म्हणून पोराला ग्रीको-रोमनला टाकू नका. ज्याचा पट सुंदर लागतो त्याचे पाय काढून घेऊ नका. पण ज्याची कंबर मजबूत आहे, ज्याला छातीला छाती लावून लढायला आवडतं, ज्याची ढाक अंगभूत आहे, त्याला हा खेळ स्वतःचा वाटतो. आणि तालमीत पिढ्यान्पिढ्या चालत आलेले जोर, सपाट्या, दोरीवर चढणं हे सगळं कडी घट्ट करायलाच कामी येतं. नव्याने आणावी लागते ती गादी, आणि या प्रकारातला जाणता मार्गदर्शक. आपल्या जिल्ह्यात कमी आहेत ते हेच. दानशूर मंडळी जत्रेतल्या एका इनामाला जेवढी रक्कम लावतात, त्यातला वाटा वर्षाकाठी गादीसाठी निघाला तरी बरंच होईल.

पॅरिसची अंतिम कुस्ती संपल्यावर लोपेझने गादीच्या मधोमध गुडघ्यावर बसून बूट काढले, ते तिथेच ठेवले आणि अनवाणी बाहेर गेला. वीस वर्षांपूर्वी अथेन्समध्ये तो पाचवा आला होता, त्याच स्पर्धेत गार्डनरनेही असेच ठेवले होते.

परवा तालमीत गेलो तर चपलांच्या ढिगाऱ्याशेजारी पोराचे नवे कुस्तीचे बूट नीट मांडून ठेवलेले होते. गादी एकच, जुनी, कडा उसवलेली. बाकीचे हौदात लढत होते. पोरगा गादीवर पालथा पडला होता आणि पन्नाशीतले वस्ताद त्याच्या पाठीवर कडी घालून बसले होते. "कंबर सोडू नको, पैलवान," ते म्हणाले, "मी उचलतो, तू उचलू देऊ नको." त्याचा तो चौकातला जोडीदार हौदाच्या कठड्यावर लाल मातीने माखलेला बसून मोठ्याने आकडे मोजत होता. एकोणीस, वीस, एकवीस.